निवड आणि संगत

ज्या गुणामुळें माणसाची निवड होते, त्याच गुणाच्या बळावर त्याला पुढें निभावून नेतां येतें काय? हा प्रश्न वरवर पाहतां व्यवहाराचा आहे. परंतु थोडें खोल गेल्यास तो नीतीचा आहे असें दिसून येईल. नोकरीच्या मुलाखतींत जो आपल्या वाक्चातुर्यानें सर्वांवर छाप पाडतो, त्याचें तेंच चातुर्य कचेरींत रोज शेजारीं बसणाऱ्यास जाच होऊन बसतें, असा अनुभव विरळा नाहीं. सभेंत निवडून येण्यास लागणारा आवाज निराळा, आणि निवडून आल्यावर समितींत बसून दुसऱ्याचें म्हणणें समजून घेण्यास लागणारा कान निराळा. माणसें पारखण्याच्या ज्या रीती समाजानें काढल्या आहेत, त्या बहुतेक सर्व माणसास इतरांपासून वेगळें काढून पाहतात, आणि मग त्याला इतरांमध्यें नेऊन बसवितात. ही विसंगति टाळतां येण्यासारखी आहे कीं नाहीं, आणि टाळतां येत नसल्यास तिच्याशीं कसें वागावें, याचा विचार एका लहानशा उदाहरणावरून करावा असा माझा हेतु आहे. तें उदाहरण म्हणजे शाळेच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजविणाऱ्या विद्यार्थ्याचें.

ज्या हिंगणींत बसून मी हें लिहीत आहें, तें वर्धा जिल्ह्यांतील बोर नदीकडचें गांव. येथून जंगल जवळ, धरण जवळ. व्हायोलिनांचा वाद्यवृंद मात्र फार दूर. मग इतक्या दूरचें उदाहरण कशाला, असें वाचक विचारतील. त्याला उत्तर असें कीं, तें आतां दूरचें राहिलेलें नाहीं. गेल्या दोन पिढ्यांत किती तरी मराठी कुटुंबें अमेरिकेंत जाऊन राहिलीं. तेथील पुष्कळ शाळांत वाद्यवृंद हा इतर विषयांसारखाच एक विषय असतो, आणि आपलीं नातवंडें व्हायोलिनची पेटी खांद्याला लावून त्या वर्गाला जातात. एखादे दिवशीं नात दूरध्वनीवरून सांगते कीं, यंदा आपल्याला दुसऱ्या व्हायोलिनांत सातवी खुर्ची मिळाली. इकडे आजोबांना कळत नाहीं कीं, या बातमीनें पेढे वाटावे कीं मुलीची समजूत घालावी. प्रस्तुत लेख हा एका अर्थीं त्या अडचणीचाच विचार आहे.

खुर्ची म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजविणारांचे दोन गट असतात, पहिला आणि दुसरा. मोठ्या वाद्यवृंदांत पहिल्या गटांत सोळाच्या आसपास वादक असतात आणि दुसऱ्यांत बहुधा त्याहून किंचित् कमी. पहिल्या गटाकडे पुष्कळदां मुख्य सुरावट असते. दुसरा गट तिच्या खालचा भराव करितो. प्रत्येक गटांत पुढून मागें अशा क्रमानें खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि शाळांतून हा क्रम अनेक ठिकाणीं निवडपरीक्षेनें ठरतो. हिलाच हल्लीं सर्वत्र ऑडिशन म्हणतात. विद्यार्थी एकटाच परीक्षकांपुढें जातो. ठरवून दिलेले आरोह-अवरोह वाजवितो, तयार केलेली एक रचना वाजवितो, वाद्यवृंदाच्या एखाद्या कृतींतील अवघड तुकडा वाजवितो, आणि पूर्वीं कधीं न पाहिलेलें स्वरलेखन समोर ठेविलें असतां तें वाचून तत्काळ वाजवून दाखवितो. सगळा प्रकार कांहीं मिनिटांत आटोपतो. महिनेच्या महिने केलेली मेहनत त्या कांहीं मिनिटांच्या स्वाधीन असते. बोटांना घाम सुटला, गज थरथरला, कीं संपलें. या परीक्षेंत विद्यार्थ्यानें साधावयाचें तें एकच: आपण इतरांहून वेगळे व सरस ऐकूं यावें.

आतां ही परीक्षा उतरून तो खुर्चीवर येऊन बसला म्हणजे काय होतें तें पाहावें. एका स्टँडपुढें दोघे बसतात. पान उलटावयाची वेळ आली कीं, आंतल्या बाजूचा वादक वाजविणें थांबवून पान उलटतो आणि बाहेरचा वाजवीत राहतो. गज कोणत्या स्वरावर वर न्यावयाचा आणि कोणत्या स्वरावर खालीं आणावयाचा, हें प्रमुखानें आधींच ठरविलेलें असतें. आणि वाऱ्याबरोबर ज्वारीचें शेत लवावें तसे सगळे गज एकदम खालीं-वर होतात. येथें आपला स्वर वेगळा ऐकूं येणें हा दोष समजतात. मागच्या रांगेंतील एकाचेंच व्हायोलिन कानांवर आलें, तर तें कितीहि गोड असो, संचालक हात थांबवून त्याच्याकडे पाहतो. म्हणजे वेगळा ऐकूं येतो म्हणून ज्याची निवड झाली, त्यानेंच वेगळें ऐकूं येऊं नये अशी अपेक्षा! कोवळ्या वयाच्या मुलाला हें कोडें पडलें तर त्यांत नवल नाहीं. आणि 'परीक्षेंत मी कोणी तरी होतों, येथें मी कोणीच नाहीं,' असा निष्कर्ष जर त्यानें काढला, तर त्याला काय उत्तर द्यावें?

या ठिकाणीं ध्वनिशास्त्रांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. एका व्हायोलिनाच्या जागीं दहा व्हायोलिनें एकाच स्वरांत वाजूं लागलीं, तर आवाज आपल्या कानाला दसपट मोठा वाटत नाहीं. सुमारें दुप्पट वाटतो. केवळ मोठा आवाजच पाहिजे असता, तर इतकीं माणसें बसविणें हा शुद्ध अपव्यय ठरला असता. मग हीं माणसें कशाकरितां? एकत्र वाजणाऱ्या व्हायोलिनांचा ध्वनि एकट्या व्हायोलिनाच्या ध्वनीहून जातीनेंच निराळा असतो, म्हणून. दहा हात एकच स्वर धरूं पाहतात. पण प्रत्येक बोटाचा कंप थोडा वेगळा, प्रत्येक गजाचा दाब थोडा वेगळा, प्रत्येक पेटीच्या लांकडाचा गुण वेगळा. हे सूक्ष्म भेद एकमेकांत मिसळतात आणि त्यांतूनच तो भरीव व मऊ ध्वनि निघतो. भेद प्रमाणाबाहेर गेला कीं बेसूर होतें, हें खरें. पण भेद मुळींच नाहींसा झाला, सगळे वादक यंत्राप्रमाणें तंतोतंत सारखे झाले, तर उरेल तें एकच व्हायोलिन, जरासें मोठें. तेव्हां सातव्या खुर्चीवरील मुलीचा स्वर समूहांत नाहींसा होतो, हें म्हणणें बरोबर नाहीं. तो वेगळा काढून दाखवितां येत नाहीं, इतकेंच.

यावरून माझ्या मतें एक नैतिक भेद स्पष्ट होतो. एकमतानें वागणें आणि एकसारखें होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला दुसऱ्याचा विचार लागतो. दुसरीला केवळ स्वतःचा विसर पुरतो. आपल्या घरांत, संस्थांत आणि देशकार्यांतहि आपण पुष्कळदां पहिलीच्या नांवाखालीं दुसरीची मागणी करितों, आणि तरुण पिढीनें ती नाकारली कीं तिला स्वार्थी ठरवितों. व्हायोलिनांचा गट ही मागणी करीत नाहीं. 'तूं नाहींसा हो,' असें तो कोणास सांगत नाहीं; 'शेजाऱ्याचें ऐकून वाजव,' इतकेंच सांगतो.

ऐकून वाजविणें हें आपल्या संगीतास परकें नाहीं, जरी तें वेगळ्या वाटेनें आलें आहे. व्हायोलिन हें युरोपीय वाद्य. महाराष्ट्रांत गजाननराव जोशी (१९११–१९८७) आणि विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) यांच्यासारख्या कलावंतांनीं त्याला हिंदुस्थानी रागसंगीताची वाणी दिली. आपला वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचें टोंक पायाच्या घोट्याशीं टेकवितो, आणि मिंडेनें एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातो. त्याच्या भोंवतीं सोळा व्हायोलिनें नसतात. समोर गुरु असतो आणि शेजारीं तबला. परंतु या शेजाऱ्याच्या कामाला आपण जें नांव दिलें आहे तें मननीय आहे. त्याला आपण 'संगत' म्हणतों. आणि सोबतीलाहि आपण संगतच म्हणतों. जोगांच्या व्हायोलिनची बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईबरोबरची जुगलबंदी प्रसिद्ध आहे. एक वाद्य श्वासावर चालणारें, दुसरें गजावर. एकाला दमाचा विचार करावा लागतो, दुसऱ्याला लागत नाहीं. अशा दोघांचें जमावयाचें, तर ज्याला थांबण्याची गरज नाहीं त्यानेंहि थांबलें पाहिजे. जुगलबंदींत उत्तर देण्याला टाळी मिळते खरी, पण तें उत्तर आधीं ऐकण्यांत तयार झालेलें असतें.

निवडपरीक्षेचें न्यून येथेंच आहे. तिला वाजविणें मोजतां येतें. ऐकणें मोजतां येत नाहीं, कारण परीक्षा देणाऱ्याजवळ ऐकण्यासारखा दुसरा कोणी ठेविलेलाच नसतो. जुना गुरु शिष्याला पारखीत असे तो वर्षांमागून वर्षें. शिष्य तंबोरा कसा लावतो, दुसऱ्या शिष्याची तालीम चालू असतां काय करितो, हेंहि त्याच्या नजरेंत असे. त्या पद्धतींत लहरीपणा होता, पक्षपात होता, आणि बहुसंख्यांना तिचें दारच बंद होतें. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि १९३१ सालीं स्थापन झालेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळानें पुढें गांवोगांवच्या विद्यार्थ्यांसाठीं क्रमवार परीक्षा चालविल्या. त्यामुळें संगीत मध्यम वर्गाच्या माजघरापर्यंत आलें, हा लाभ थोडा नव्हे. मात्र त्याच दारानें कांहीं मिनिटांची परीक्षाहि आंत आली.

मग निवड हवीच कशाला, असें कोणी म्हणेल. खेड्यांत सायंकाळीं भजन बसतें तेथें निवडपरीक्षा नसते. ज्याच्या हातीं टाळ तो भजनी. तुकडोजी महाराजांनीं (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीनें विदर्भाच्या खेड्यापाड्यांत सामुदायिक प्रार्थनेची गोडी लावली. याच वर्धा जिल्ह्यांत १९३६ सालीं गांधीजी सेगांवास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास आले, आणि तेथील प्रार्थनेंत सुरेल गळ्याच्या व बेसूर गळ्याच्या माणसांत भेद केला जात नसे. अशा भूमींत राहणाऱ्याला सुरांच्या परीक्षेचा थोडा संकोच वाटावा हें साहजिक आहे. तरी दोहोंतील फरक ओळखला पाहिजे. भजन ज्याच्यासाठीं असतें त्याला भाव पुरतो, अशी आपली श्रद्धा आहे. वाद्यवृंद एखाद्या रचनाकाराची कृति श्रोत्यांपुढें मांडण्यास बसलेला असतो. त्या कृतीचें आणि श्रोत्यांचें त्याच्यावर देणें असतें. बेसूर वादकाला दयेनें आंत घेणें म्हणजे आपलें औदार्य दुसऱ्याच्या पैशानें मिरविण्यासारखें आहे. म्हणून निवड अन्याय्य नाहीं. ती अन्याय्य होते, ती आपल्या मर्यादेबाहेर बोलूं लागली म्हणजे. 'आज हा तुकडा यानें अधिक चांगला वाजविला' एवढें सांगण्याचा तिचा अधिकार असतां, 'हा माणूस अधिक योग्य' असें ती सांगूं लागली म्हणजे.

आपली ही मर्यादा संभाळण्यासाठीं पाश्चात्य वाद्यवृंदांनीं एक उपाय योजिला. अमेरिकेंतील बॉस्टन सिंफनी या वाद्यवृंदानें १९५२ च्या सुमारास उमेदवार व परीक्षक यांच्यामध्यें पडदा धरण्यास आरंभ केला, आणि पुढें ही चाल पुष्कळांनीं उचलली. कोठें कोठें तर जमिनीवर गालिचा अंथरतात. हेतु हा कीं, पादत्राणांच्या आवाजावरूनहि पलीकडे स्त्री आहे कीं पुरुष हें कळूं नये. माणसाला न्याय मिळावा म्हणून माणूसच झांकून ठेवावा लागतो, ही गोष्ट खेदाची. पण उपाय प्रामाणिक आहे. त्याची गरज किती होती हें १९८० सालीं जर्मनींत दिसून आलें. म्यूनिक फिलहार्मोनिकनें पडद्याआडून घेतलेल्या परीक्षेंत ट्रोम्बोन वाजविणाऱ्या ॲबी कोनंट यांची निवड झाली. पडदा सरल्यावर ही वादिका स्त्री आहे असें कळलें. पुढें त्यांना मुख्य जागेवरून दुसऱ्या जागेवर उतरविण्यांत आलें, आणि आपलें स्थान परत मिळविण्यासाठीं त्यांना अनेक वर्षें न्यायालयांत झगडावें लागलें. शेवटीं न्याय त्यांच्या बाजूनें झाला. पडद्यानें त्यांची निवड न्यायानें केली होती; परंतु पडद्याच्या अलीकडे बसलेल्या माणसांना संगत करावयास शिकविणें पडद्याच्या हातीं नव्हतें.

आपल्याकडे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ सालीं नभोवाणीचे मंत्री झाल्यावर गायक-वादकांची परीक्षा घेऊन त्यांची प्रतवारी लावण्याची पद्धति आकाशवाणीवर आली, आणि नांवाजलेल्या कलावंतांनाहि परीक्षेस बसावें लागणार म्हणून मोठें वादळ उठलें. त्या वादांत मानापमानाचा भाग होता तसा तत्त्वाचाहि होता: आयुष्यभर ज्याचें गाणें लोकांनीं ऐकलें, त्याच्याविषयीं कांहीं मिनिटांनीं नवें तें काय कळणार? याचें अर्धें उत्तर पुष्कळ वाद्यवृंदांनीं आपल्या वागणुकींत दिलेलें आहे. निवड झालेल्या वादकाला ते लगेच कायम करीत नाहींत. कांहीं महिने, कधीं वर्षभर, त्याला आपल्यांत बसवून पाहतात आणि मग ठरवितात. म्हणजे निवडीचें काम संगतीवांचून पुरें होत नाहीं, हें निवडणारांनाच कळून चुकलें आहे.

येथें एका गैरसमजापासून जपलें पाहिजे. समूहांत मिसळून जाणें हा सद्गुण आहे, असें म्हटलें कीं त्याचा फायदा घेणारे पुढें सरसावतात. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत असत. त्या शिक्षणाच्या बळावर किती तरी गोमंतकीय वादक मुंबईस आले आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. घरोघर ज्या गाण्यांनीं लोकांचीं मनें मोहून टाकलीं, त्या गाण्यांच्या तबकड्यांवर या वादकांचीं नांवें क्वचितच आलीं. मजोर्डें येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकींच. उत्तम व्हायोलिनवादक, आणि संगीतकार प्यारेलाल यांचे गुरु. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांत शिष्यानें गुरूचें नांव एका गाण्यांत गोंविलें. तें गाणें देशभर गाजलें. पण तें नांव एका खऱ्या वादकाचें आहे, हें गाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना माहीत होतें. स्वरांत आपण वेगळें उमटूं नये, हें वादकानें आपणहून पत्करलेलें व्रत आहे. कागदावर त्याचें नांव उमटूं नये, ही दुसऱ्यांनीं त्याच्यावर लादलेली उपेक्षा आहे. पहिलीच्या थोरवीनें दुसरीचें समर्थन होऊं शकत नाहीं. ज्या गृहिणीनें घरासाठीं आपला स्वर इतरांत मिळवून टाकला, तिच्या बाबतींतहि हा भेद आपण करीत नाहीं, हें वाचकांनीं मनाशीं ताडून पाहावें.

आतां घरांतल्या मुलाकडे वळूं. आपल्या मध्यम वर्गाला परीक्षा हा शब्द प्राणप्रिय आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेंत वाढीव गुण देण्याची सवलत महाराष्ट्रांत सुरू झाली, तेव्हां तिच्यामागील हेतु चांगलाच होता. परंतु गुणांसाठीं संगीत आणि प्रवेशासाठीं गुण अशी सांखळी मनांत जुळली कीं, मुलाच्या हातांतील गज हा शिडीची एक पायरी होतो. शिडीवर एका वेळीं एकालाच चढतां येतें, आणि शेजारीं असतो तो अडथळा असतो. सातवी खुर्ची मिळाली म्हणून जें मूल रडतें, तें पुष्कळदां आपल्याच घरांत ही शिडी पाहून आलेलें असतें. त्याला 'पुढल्या वर्षीं पहिली खुर्ची मिळव' असें सांगणें म्हणजे तीच शिडी पुन्हा दाखविणें होय. 'सगळ्या खुर्च्या सारख्याच' असें सांगणें असत्य आहे, आणि मुलांना असत्य लवकर ओळखूं येतें. पहिल्या खुर्चीवर जबाबदारी अधिक असते, आणि तिच्यासाठीं कष्ट करण्यांत कांहींहि कमीपणा नाहीं. माझ्या मतें त्याला दोन गोष्टी सांगाव्या. एक ही कीं, परीक्षेनें तुझे त्या दिवशींचे कांहीं स्वर मोजले; तूं मोजला गेलेला नाहींस. आणि दुसरी ही कीं, ज्या खुर्चीवर बसशील तेथून शेजाऱ्याचें ऐकावयाचें काम आहे, आणि या कामांत क्रमांक लागत नाहीं.

यानेंहि सर्व दुःख जाईल असें नाहीं. ज्याची निवडच झाली नाहीं, ज्याला कोणतीच खुर्ची मिळाली नाहीं, त्याच्या वांट्याला संगतीचें हें शिक्षणहि येत नाहीं, आणि ती उणीव तत्त्वज्ञानानें भरून निघत नाहीं. त्यासाठीं अधिक वाद्यवृंद पाहिजेत, अधिक शिक्षक पाहिजेत. गांवच्या शाळेंत चार मुलांनीं एकत्र बसून वाजवावें अशी सोय पाहिजे, मग तें वाद्य व्हायोलिन असो, बांसरी असो कीं पेटी असो. निवडीचा दरवाजा अरुंद असणें एक वेळ क्षम्य आहे. पण त्याच्या बाहेर बसून वाजविण्यास अंगणच नसावें, हें क्षम्य नाहीं. हिंगणीच्या मुलीनें उद्यां व्हायोलिन हातीं घेतलें, तर तिला परीक्षेसाठीं कोठें तरी जावें लागेल आणि ती जाईलहि. तिचा स्वर ऐकून तिच्याशीं आपला स्वर जुळवील असा एक तरी सोबती तिला गांवांतच मिळावा, एवढें पाहणें हें मात्र परीक्षकांचें काम नव्हे. तें तुमचें-आमचें आहे.